लिनक्सवर रेकॉर्डिंग: सुटे प्रोग्रॅम जोडत राहू की सगळं आर्डोरमध्येच आणू?

नमस्कार मंडळी,

जाणकारांकडून सल्ला हवा आहे. मी गिटार आणि आवाज आर्डोर या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करते, ड्रम हायड्रोजन या ड्रम मशीनमध्ये, सिंथचे (सिंथेसायझरचे) सूर योशिमीमध्ये. तिन्ही जॅकने जोडलेले, म्हणजे एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या सॉफ्टवेअरने. ज्याचं त्याचं काम ज्याला उत्तम जमतं त्याच्याकडे, ही मोकळीक मला मनापासून आवडते आणि ती सोडायची इच्छा नाही.

अडचण गाणं पुन्हा उघडताना येते. तिन्ही प्रोग्रॅम सुरू करा, प्रत्येकात बरोबर फाइल उघडा, मग कनेक्शन्स जुळवा. एखादं कनेक्शन राहिलं की ड्रम फक्त डाव्या कानात. हे सांभाळायला सेशन मॅनेजर असतात, पण तेच किती झाले: लॅश, लॅडिश, जॅकचं स्वतःचं सेशन (ते आता कालबाह्य ठरवलंय), नॉन सेशन मॅनेजर आणि 2020 साली त्यातून फुटलेला न्यू सेशन मॅनेजर.

पल्सऑडिओ (लिनक्सवर नेहमीचा आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि जॅक वेगळे का होते ते समजतं. एकाला रोजचे आवाज मिसळायचे होते, दुसऱ्याला विलंब अजिबात नको होता. गरजाच निराळ्या. सेशनच्या बाबतीत मात्र गरज सगळ्यांची एकच आहे, ‘काल होतं तसं आज उघडू दे’. इथे ‘आवडेल ते निवडा’ म्हणून भागत नाही, कारण माझी निवड तेव्हाच चालते जेव्हा तिन्ही प्रोग्रॅम तीच पद्धत पाळतात. एकाने नाही पाळली की पुन्हा हाताने जुळवणी आलीच.

त्यात आता माझ्या डिस्ट्रोमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आवृत्तीत, या दोघांचंही काम करणारं पाइपवायर आलंय. जॅकचे प्रोग्रॅम त्यावर चालतात, ब्राउझरचा आवाजही सोबत येतो, हे फार छान. पण बफर, म्हणजे एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा, 1024 फ्रेमचा राहिला तर 48,000 हर्ट्झला (सेकंदाला 48,000 फ्रेम) तेवढ्यानेच 21 मिलिसेकंद जातात आणि गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो. 256 ला ते पाचेक मिलिसेकंदांवर येतं, तेवढं मला चालतं.

तर विचारायचंय ते असं:

पाइपवायरवर न्यू सेशन मॅनेजर वापरून कुणी पूर्ण गाणी करतंय का? कनेक्शन्स दरवेळी नीट परत येतात का? 256 वर तडतड न होता टिकतं का?

की सरळ सगळं प्लगिन (आर्डोरच्या आत चालणारे छोटे प्रोग्रॅम) म्हणून आर्डोरमध्येच घ्यावं? तसं असेल तर प्लगिनच्या एलव्ही-2 प्रकारावर राहू की व्हीएसटी-3 कडे वळू? पाच वर्षांनी गाणं उघडलं आणि प्लगिनच नसला तर काय, ही धास्ती आहे. सध्या प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल (तयार आवाजाची फाइल) काढून ठेवते, पण मग सिंथचा एखादा सूर बदलायचा म्हटला तर बदलता येत नाही.

उत्तर देताना तुमचा बफर आणि ऑडिओ इंटरफेस (माइक, गिटार संगणकाला जोडायचं उपकरण) कोणता तेही लिहा, म्हणजे ताडून बघता येईल.