‘इशारा’ द्यावा की ‘ताकीद’?

गोदाघाटावरच्या एका फलकावर ‘चेतावणी : पाण्यात उतरू नये’ असे वाचून, तिथे ‘इशारा’ हवा होता की ‘ताकीद’, असा प्रश्न एका नाशिककर वाचकाने विचारला आहे. हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांच्यातला फरक जपण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते.

‘इशारा’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा पहिला अर्थ खूण किंवा संकेत असा आहे. ‘डोळ्यांनी इशारा केला’, ‘त्याच्या इशाऱ्यावर नाचतो’ या प्रयोगांत तो अजून शाबूत आहे. मात्र मराठीत क्रियापद बदलले की अर्थही बदलतो. इशारा ‘करतात’ तेव्हा ती खूण असते आणि ‘देतात’ तेव्हा ती पुढच्या धोक्याची जाणीव असते. हिंदीत हा शब्द मुख्यतः खुणेपुरता राहिल्याने तिथे धोक्यासाठी ‘चेतावनी’ लागते. मराठीला ती उसनवारी करण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे चेतवणे म्हणजे पेटवणे. चूल चेतवतात, भावना चेतवतात.

‘ताकीद’ हाही अरबीच शब्द, पण त्याच्या मुळाशी ठासून सांगणे आहे. जुन्या मराठी पत्रव्यवहारातले ‘ताकीदपत्र’ म्हणजे वरिष्ठाची सक्त आज्ञा. दोन्हींतला भेद वाक्यरचनेतच दिसतो. ‘पाऊस असाच राहिला तर काठावरच्या टपऱ्या पाण्याखाली जातील’, या वाक्यापुढे ‘असा इशारा’ शोभतो. ‘काठावर कोणीही थांबू नये’, यापुढे मात्र ‘अशी ताकीद’च हवी. इशाऱ्यानंतर निर्णय ऐकणाऱ्याचा असतो, ताकिदीनंतर तो उरत नाही. म्हणून त्या फलकावर ‘ताकीद’ हाच शब्द योग्य ठरला असता. (‘तंबी’ इथे बसत नाही, कारण ती चूक घडून गेल्यावर मिळते.)

इशाऱ्याची आणखी एक छटा नाशिक जिल्ह्याला चांगली परिचित आहे. कांद्याचे भाव कोसळले की शेतकरी लिलाव बंद पाडण्याचा किंवा रास्ता रोकोचा ‘इशारा’ देतात. हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिला, तर पाऊस पाडणारे ते खाते नसते; आंदोलनाचा इशारा देणारा मात्र ते आंदोलन स्वतःच करणार असतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवण्यापूर्वी नदीकाठच्या रहिवाशांना दिला जाणारा सतर्कतेचा इशारा या दोहोंच्या मध्ये येतो, कारण पाऊस कोणाच्या हातात नसला तरी दरवाजे उघडणारा हात माणसाचाच असतो. तेव्हा अशा बातमीत नुसते ‘इशारा देण्यात आला आहे’ असे न लिहिता, पाणी कोण, किती वाजता आणि किती क्युसेकने सोडणार, हेही त्याच वाक्यात यायला हवे.

मूळ अर्थाचा इशारा पाहायचा असेल, तर पावसाळ्यात रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहावे. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की छातीपर्यंत आले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात आणि दुकानातला माल वर हलवायचा की नाही ते ठरवतात. तिथे कोणी काही ‘देत’ नाही. पाण्याची खूण तेवढी दिसते.