लाल पडदा आला नाही म्हणून लिंक चांगली?

खटपट्या: काल नानांनी लिहिलं, ‘क्रोम ब्राउझरने धोक्याच्या इशाऱ्याचा लाल पडदा टाकला नाही ना, मग लिंक बिनधास्त उघडा.’ नाना, त्या पडद्यामागे फसव्या साइटींची नुसती यादी आहे हो! गूगलची तीच यादी फायरफॉक्स आणि सफारीही वापरतात, म्हणजे तिथून सुटलेला चोर तिन्हीकडून सुटला. फसवी साइट सरासरी १० मिनिटंही टिकत नाही, हे २०२४ मध्ये गूगलनेच सांगितलं. तोवर फोनमधली यादी अर्ध्या ते एक तासाने ताजी व्हायची. आणि ३१ जानेवारी २००९ विसरलात? यादीत चुकून नुसती एक तिरकी रेघ (/) पडली, ती तर प्रत्येक साइटच्या पत्त्यात असते, आणि गूगलच्या शोधात जवळपास तासभर अख्खं इंटरनेट धोकादायक!

नाना: २००९ची मढी कशाला उकरता? आता क्रोम तिथल्या तिथे गूगलच्या सर्व्हरला विचारतो. वीजबिलाच्या खोट्या लिंकवर सूनबाईंना त्याच पडद्याने वाचवलं.

होमस्टेवाली: त्या वाचल्या, मी बुडाले. ऐन गणपतीच्या तोंडावर आमची साइट लाल. गिऱ्हाइकं फोनवर विचारायची, ‘ताई, फ्रॉड नाही ना?’ साइटला जोडलेल्या जुन्या प्लगइनमधून (जोड-प्रोग्रॅममधून) कुणी औषधांच्या जाहिरातींची पानं घुसवली होती. साफ करून गूगलकडे फेरतपासणीचा अर्ज टाकला, तीन दिवस ढिम्म.

खटपट्या: म्हणजे साइट हॅक झालीच होती.

होमस्टेवाली: होती. वाजवा टाळ्या.

पेन्शनर: पडद्याचं सोडा, बँकांचं बोला! आमची बँक एसएमएसमध्ये आखूड लिंक पाठवते, तिच्यात बँकेचं नावच नाही. खाली सूचना: अनोळखी लिंक उघडू नका. दूरसंचार नियामक ट्रायने १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या लिंकचे एसएमएस अडवले, तर चोर गेले व्हॉट्सॲपवर. मेहुण्याला साडूच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, आली. साडूकडे लग्न होतंच! उघडली, आणि ओटीपी परस्पर चोराकडे.

नाना: एपीके टाकताना फोन विचारतो. मेहुणे ‘हो’ म्हणाले, तर ब्राउझर काय करणार?

पेन्शनर: माझ्या मेहुण्याची अक्कल काढू नका.

नाना: बरं बाबा. बँकांना रिझर्व्ह बँकेने साइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट बँक डॉट इन सक्तीचं केलंय, ते शेपूट बघत जा.

पेन्शनर: मोबाइलवर शेपूट दिसतं कुठे? आधी म्हणायचात पत्त्याशेजारचं कुलूप बघा. ते क्रोमनेच २०२३ मध्ये काढलं, कारण त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट चोरांनाही फुकट मिळतं.

नाना: ‘बिनधास्त’ मागे घेतो. झालं समाधान?

होमस्टेवाली: नाना, दिवाळीत या कोकणात. साइट सुरू आहे, लिंक देऊ?

नाना: फोन नंबर द्या.