के-रासच्या अँटिबॉडीवर किती विश्वास ठेवायचा?

मेघना
काल इथे एकाने लिहिलं, "व्हायलवर व्हॅलिडेटेड छापलंय, ढीगभर पेपरांत वापरलीय, पुन्हा तपासण्यात वेळ का घालवायचा?" वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितेय. अँटिबॉडी म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारा रेणू. रास ही पेशीला वाढीचा संदेश देणारी प्रथिनं. एच-रास, एन-रास, के-रास तिन्ही २१ केडीएच्या (किलोडाल्टन, प्रथिनाचं वजन) आसपास. पहिली ८६ अमिनो आम्लं तंतोतंत एकच. खरा फरक शेवटच्या वीस-पंचवीसांत. मग ब्लॉटवर (वजनाप्रमाणे वेगळी केलेली प्रथिनं मेंब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधायची चाचणी) २१ला सुरेख बँड (पट्टी) आला तरी तो कुणाचा? २०१७ साली 'सायन्स सिग्नलिंग'मध्ये बाजारातल्या २२ रास अँटिबॉडी तपासल्याचा पेपर आला. कित्येकींना या भावंडांतला फरक कळलाच नाही. रास नसलेल्या पेशींची लेन (नमुन्याची रांग) शेजारी नसेल, तर के-रासचा ब्लॉट मी मानत नाही.

निनाद
ताई, रासलेस पेशी आणायच्या कुठून? एमटीएचे (दुसऱ्या लॅबकडून साहित्य घेण्याच्या कराराचे) कागद फिरता फिरता पीएचडीचं वर्ष सरतं. आम्ही राफ-आरबीडी पुलडाउन करतो (राफ प्रथिनाच्या रासला चिकटणाऱ्या तुकड्याने रास ओढून काढतो). जीटीपी धरलेलं, म्हणजे चालू स्थितीतलं, रास वर येतं, ते एच की के हा आमचा प्रश्नच नाही. पॅन-रास (तिन्ही रास धरणारी अँटिबॉडी) पुरते. सरसकट सगळ्यांना दोषी धरू नका.

मेघना
पुलडाउनला पॅन-रास चालते, मान्य. पण मग शीर्षकात के-रास लिहू नका! नॉकआउट (जनुक काढून टाकलेल्या पेशी) नसेल तर के-रासचा एसआयआरएनए (ते प्रथिन बनणं कमी करणारा आरएनए) टाका आणि एच, एन वेगवेगळे ओव्हरएक्स्प्रेस करून (पेशीत जास्त बनवून) शेजारी चालवा. तेवढं कुठल्याही लॅबला जमतं.

स्नेहल
मूळ दुखणं वेगळंच आहे. वापरलेली प्रायमरी (प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) परत ट्यूबमध्ये ओतायची, अझाइड (जंतू वाढू न देणारं रसायन) घालून फ्रीजमध्ये ठेवायची, आणि संपेपर्यंत तीच. सिग्नल दर वेळी फिका होतो आणि लोक म्हणतात, ट्रीटमेंटने रास कमी झालं!

निनाद
जेआरएफला (पीएचडीच्या शिष्यवृत्तीधारकाला) महिना ३७,००० मिळतात, एक व्हायल त्या घरात जाते. ग्रँटचा हप्ता रखडला की ओतून द्यायची कुणी? आम्ही तीच वापरतो आणि बँड येतो.

स्नेहल
बँड येतो, पण दोन ब्लॉटची तुलना होत नाही. आमच्याकडे एकाने अझाइड सेकंडरीत (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीत) घातलं. तिच्यावरचं सिग्नल देणारं एन्झाइम, एचआरपीच बंद पडलं, अख्खा ब्लॉट कोरा. काटकसर म्हणे!

निनाद
सेकंडरीत अझाइड घालणाऱ्याचं खापर आमच्यावर का? प्रायमरीतलं धुतल्यावर निघून जातं.

एक निवृत्त शिक्षक
भांडा, पण आधी मेंब्रेन बघा. एवढं लहान प्रथिन ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांमधून आरपार जातं, ०.२ घ्या. आमच्या वेळी रॅटची वाय१३-२५९ अँटिबॉडी होती, १९८२ची. तिन्ही रास धरते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्यावर के-रासचा दावा कुणी करत नसे.

निनाद
सर, ०.२च वापरतो. बरं, पुढच्या ब्लॉटला एच आणि एनच्या लेन घालतो, शीर्षकही बदलतो. पण फ्रीजमधली ट्यूब फेकणार नाही.

स्नेहल
मग किमान तिच्यावर किती वेळा वापरली ते लिही, आणि पेपरच्या मेथड्समध्येही.