मदत हवी आहे: आजोबांच्या पिकअपला ऑइल प्रेशर येत नाही, इंजिन उतरवू का?

दिवेघाटकर
मंडळी, तातडीने सल्ला हवा आहे. गाडीला ऑइल प्रेशर येत नाही. फिटर म्हणतो बेअरिंगं गेली, इंजिन उतरवून पूर्ण काम काढावं लागेल, तरी गॅरंटी नाही, त्यापेक्षा टाटा ४०७ चं डिझेल इंजिन टाका. आकडा ऐकल्यापासून घरात कुणी नीट बोलत नाहीये. पालखीच्या आदल्या दिवशी गाडी सासवडला पोचलीच पाहिजे, वारकऱ्यांना पाणी आणि केळी वाटायला दरवर्षी हीच उभी असते. इंजिन सहा सिलिंडरचं आहे, आजोबांनी आयुष्यभर पळवलं. उतरवू की तेल बदलून बघू? "गॅरेजला दाखवा" असं कृपया सांगू नये, दाखवूनच आलोय.

ग्रीसगन
कुठली गाडी, कुठलं साल? काटा शून्यावर आहे की कमी आहे? इंजिन गरम असताना की थंड? तेल कुठलं? पेशंटचं नाव न सांगता औषध विचारताय राव.

एक_पुणेकर
पालखीच्या दिवशी दिवेघाट वाहनांना बंद असतो. बोपदेव घाटाने जावं लागेल आणि तो चढ जास्त उभा आहे. जुन्या गाडीला झेपेल असं वाटत नाही. आधी पर्यायी मार्गाचा विचार करा.

दिवेघाटकर
@एक_पुणेकर "आदल्या दिवशी" असं लिहिलंय.
@ग्रीसगन शेवरलेट पिकअप, १९५१. काटा निम्म्याच्या जरा खाली. सिग्नलला थांबलं की अजून खाली बसतो. तेल फिटरने टाकलंय, डबा बघितला नाही.

आगाऊ_कार्टं
सासवडला पीएमपीची बस जाते. ह.घ्या. (हलके घ्या)

मिशिगनचा_बंडू
सहा सिलिंडर एका ओळीत म्हटलं की मला राहवत नाही. इकडे आमच्या शेजाऱ्याकडे फोर्डचं ३०० घनइंची, म्हणजे ४.९ लिटरचं इंजिन आहे. १९६५ ते १९९६ इतकी वर्षं निघालं हे. क्रँक धरून ठेवणारी सात मेन बेअरिंगं, टायमिंगला चेन नाही की बेल्ट नाही, थेट गिअर. पिकअप कुजून पडतात, इंजिन चालू राहतं. तुमच्याकडे जमत असेल तर असं एखादं शोधा, आयुष्यात परत बॉनेट उघडायला नको.

ग्रीसगन
@बंडू नाना पेठेत फोर्ड ३०० मागून बघा, दुकानदार चहा पाजून परत पाठवतील. आणि गिअर टायमिंगचं कौतुक या गाडीच्या मालकाला कशाला सांगताय? शेवरलेटच्या त्या सिक्सलाही गिअरच आहेत, कॅमचा फायबरचा. मेन बेअरिंगं चार आहेत हे मान्य.

मिशिगनचा_बंडू
चार आणि सातात फरक असतो हो. क्रँक किती ठिकाणी धरून ठेवला आहे त्यावर सगळं आयुष्य आहे.

ग्रीसगन
साडेतीन हजार आरपीएमच्या वर ज्याला कुणी कधी नेत नाही त्या इंजिनाला चार पुरतात. सत्तर वर्षं चाललंय ते.

लेथवाली
तुमचं भांडण जरा बाजूला ठेवून विचारते. धागाकर्ते, प्रेशरचा मीटर कितीपर्यंतचा आहे? ३० पौंडांपर्यंत की ६०? आणि व्हॉल्व्ह कव्हर कशाने बसवलंय, वर मधोमध दोन नट आहेत की कडेला चार स्क्रू? यावरून बरंच कळेल. तोपर्यंत इंजिन उतरवू नका, कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

कायदेपंडित
गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. मात्र अशी नोंद केल्यावर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. आणि इंजिन बदललंत तर "मूळ स्वरूपात" ही अट अडचणीची होईल. माल वाहणाऱ्या गाडीला हे कसं लागू होतं ते आरटीओत विचारून घ्या.

दिवेघाटकर
कागदांबद्दल विचारलं नव्हतं, कागद व्यवस्थित आहेत.
@लेथवाली मीटर ३० पर्यंत. वर दोन नट. आता सांगा.

लेथवाली
मग २१६ चं, म्हणजे २१६ घनइंची इंजिन आहे, साधारण साडेतीन लिटरचं. नट बघून पक्कं ठरत नाही, ब्लॉकवरचा ओतीव नंबर बघावा लागतो, पण साल आणि मीटर दोन्ही जुळतायत.

आता नीट वाचा. या इंजिनात चालत्या गाडीला १४-१५ च्या आसपास प्रेशर असणं हे बिघाडाचं लक्षण नाही, तेवढंच असतं. गरम इंजिन आयडलला असताना काटा तळाशी जाऊन नुसता हलत राहिला तरी चालतं. ज्यांचा हात आयुष्यभर डिझेलवर बसलाय ते ४०-५० बघायला जातात आणि घाबरतात. तुमच्या फिटरला दोष देत नाही, त्याच्यासमोर अशी गाडी कधी आली नसेल.

कारण असं की पंपाचं तेल दाबाने जातं ते मेन आणि कॅमच्या बेअरिंगांना. बिगेंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाला, दाबाचं तेल जातच नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, प्रत्येक सिलिंडरखाली एक पन्हळ असते, कनेक्टिंग रॉडच्या टोपीला खाली एक चमचा असतो, तो फिरताना पन्हळीतून तेल उचलतो. वेग वाढला की चेंबरमधल्या नोझलमधून तेलाची धार उडते आणि तो चमचा धार झेलतो. म्हणजे काटा उत्तम दाखवत असला तरी बिगेंड कोरडा असू शकतो आणि काटा खाली असला तरी बिगेंड ठणठणीत असू शकतो. मीटरकडे बघून या इंजिनाच्या रॉडबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. कानाने कळतं.

म्हणून मुख्य प्रश्न: आवाज येतो का?

विंजिनेर
दंडवत! हे धाग्याच्या वर चिकटवून ठेवा कुणीतरी.

दिवेघाटकर
आवाज आहे ना. ठक ठक येते. घाटात. म्हणून तर गॅरेजला नेली.

ग्रीसगन
अहो हे पहिल्या पोस्टीत नको का सांगायला!

पेट्रोलहेड_पिंचि
घाटात ठकठक म्हणजे पेट्रोल. सगळ्या पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं मिळतंय, जुनी इंजिनं त्यानेच मरतायत. महागातलं ९५ नाहीतर ९९ ऑक्टेनचं टाका, आवाज बंद होईल.

ग्रीसगन
नाही होणार. त्या काळच्या २१६ चं कॉम्प्रेशन ६.६ आहे. त्याला पंपावरचं साधं पेट्रोलसुद्धा गरजेपेक्षा चांगलं आहे. ९९ टाकून खिसा तेवढा हलका होईल. इथेनॉलचा त्रास वेगळा, तो रबराला होतो: पेट्रोल पंपाचा पडदा, होजपाइप, कार्ब्युरेटरची पॅकिंगं. आणि या पिकअपची टाकी कुठे असते माहितीये का? केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे. तिथला जुना होज भेगाळला तर पेट्रोल तुमच्या पाठीशी गळणार. दिवेघाटकर, सीट पुढे ओढून आज बोट फिरवून बघा तिथे. वास येत असेल तर गाडी चालू करण्याआधी तो बदला, इथेनॉल झेपणारा होज मिळतो.

पेट्रोलहेड_पिंचि
आणि शिसं? २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं नाही. व्हॉल्व्हच्या सीट खचतात. त्याचं काय?

ग्रीसगन
सतत भार ओढणाऱ्या गाडीला तो धोका आहे. वर्षातून थोडी फिरणाऱ्या गाडीने टॅपेटचा गॅप तपासत राहावं. एक्झॉस्टचा गॅप पुन्हापुन्हा कमी भरायला लागला तर सीट खचतेय समजायचं. त्याचा या ठोक्याशी संबंध नाही.

लेथवाली
घाटात म्हणजे चढताना की उतरताना? चढताना जोर लावल्यावर येणारा आवाज वेगळा आणि सपाटीला पन्नासच्या वेगात पाय जरासा उचलला की येणारा वेगळा. दुसरा असेल तर बिगेंड.

दिवेघाटकर
उतरताना. वडकी नाल्याच्या अलीकडे पाय सोडला की सुरू होते. चढताना नाही, आता विचारल्यावर लक्षात आलं.

लेथवाली
मग एक करा. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, आयडलच्या थोडं वर रेस धरून ठेवा, आवाज स्थिर येऊ द्या. मग एकेका प्लगची टोपी काढा, मूठ लाकडाची किंवा रबराची असलेल्या पक्कडने, सहा व्होल्टची गाडी असली तरी कॉइलचा झटका झटकाच असतो. ज्या सिलिंडरची टोपी काढल्यावर ठोका दबेल तो तुमचा रॉड. सगळ्यांना सारखाच राहिला तर दुसरीकडे शोधू: टॅपेट, पेट्रोल पंपाचा आर्म, सैल फ्लायव्हील.

शिवडीकर_आजोबा
चर्चा वाचून बरे वाटले. या गाड्यांचे सुटे भाग येऊन त्या जुळत असत ते आमच्या शिवडीला, जनरल मोटर्सच्या कारखान्यात. १९२८ मध्ये सुरू झाला, १९५४ मध्ये बंद. त्या काळी माल भरलेली गाडी घाटात तापली की ड्रायव्हर बॉनेट उघडून सावलीत विडी ओढत बसत. कुणालाच घाई नव्हती.

आगाऊ_कार्टं
आजोबा, धागाकर्त्यांना आहे.

जुनं_ते_सोनं
एवढं डोकं कशाला लावताय? सिंहगड रस्त्याच्या एखाद्या हॉटेलवाल्याला द्या, दारात उभी करून ठेवेल, वर पैसेही देईल. आमच्या काकांनी फियाटचं तसंच केलं.

दिवेघाटकर
प्लग काढून बघितले. तिसऱ्याची टोपी काढली की ठोका जवळजवळ जातो. बाकीच्यांनी काही फरक नाही. आता?

आणि हो, होज खरंच तडकलेला होता. आभार.

लेथवाली
तिसरा रॉड. एकच आहे हे चांगलं. आता आठवून सांगा, चेंबर कधी काढला होता का? ठोकर लागून पोचा पडलाय का?

दिवेघाटकर
गेल्या दिवाळीत चुलतभावाने शेतातल्या दगडावर घातली होती. चेंबरला चीर गेली. तिकडच्याच वेल्डरने काढून वेल्ड करून दिला. पण तेल गळत नाही आता, म्हणून लिहिलं नाही.

ग्रीसगन
🤦

लेथवाली
मग उत्तर बहुधा चेंबरमध्येच आहे. दगड बसला तिथली पन्हळ चेपली असेल किंवा वेल्डिंगच्या ठोकाठोकीत तिसऱ्याचं नोझल वाकलं असेल. धार चमच्यावर पडायच्या ऐवजी बाजूने जात असेल तर तो रॉड वेगात उपाशीच राहणार. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये नोझलचा नेम धरायला खास गेज दिलेलं आहे, चेंबरच्या नळीला पाण्याचा दाब देऊन प्रत्येक धार गेजच्या भोकातून जाते का ते बघायचं. गेज मिळणार नाही, पण शेजारच्या पाच धारा कुठे जातात ते बघून सहावी जुळवता येते.

मिशिगनचा_बंडू
म्हणूनच म्हणत होतो. शेवरलेटने स्वतःच ही भानगड सोडून दिली ना, १९५४ पासून ट्रकना २३५ घनइंची इंजिन पूर्ण दाबाच्या तेलावर आलं. ते टाका, पिकअप तीच राहील.

ग्रीसगन
एकदाचं कामाचं बोललात. २३५ कुठे मिळालं तर मीही घेईन म्हणेन, पुढची माऊंटिंग आणि पाण्याचा पंप जुळवून घ्यावा लागतो. पण पालखीच्या आत नाही होणार.

दिवेघाटकर
इंजिन उतरवायचं का नाही एवढं सांगा.

लेथवाली
नाही. चेंबर गाडीवरच निघतो, आधी फ्लायव्हीलखालचं झाकण काढायचं. तिसऱ्या रॉडची टोपी सोडा. या रॉडला बदलायची शेल बेअरिंगं नसतात, व्हाइट मेटल थेट रॉडमध्ये ओतलेलं असतं. बोटाने बघा. मेटल गुळगुळीत आणि शाबूत असेल, क्रँकवर ओरखडा नसेल, तर टोपी आणि रॉडच्या मधल्या पातळ पत्र्या, म्हणजे शिम, दोन्ही बाजूंनी सारख्या काढून गॅप कमी करता येतो. एक काढा, आवळा, क्रँक हाताने फिरवून बघा. जड झाली की एक परत घाला. टोपी कानशीने घासू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. टोपी जिथून निघाली तिथेच, त्याच तोंडाने बसली पाहिजे. मेटलचे तुकडे पडलेले दिसले तर मात्र रॉड काढून नवं ओतून घ्यावं लागेल. ते काम येणारी माणसं आता मोजकीच आहेत, भोसरीत चौकशी करून कळवते.

सर्व्हिस_स्टेशन
तेलाचं कुणी बोललं नाही. डिटर्जंट तेल अजिबात टाकू नका, आतला गाळ सुटून नोझल बंद होतील.

ग्रीसगन
गाळ ठेवून वर साधं तेल घालायचं हा उपाय झाला का? चेंबर निघतोच आहे तर पन्हळी आणि नोझल रॉकेलने धुवा, गाळणी धुवा, मग नेहमीचं तेल टाका. पूर्ण तेल गाळणारा फिल्टर या इंजिनाला नाही, म्हणून हजार-दीड हजार किलोमीटरला तेल बदला. आणि ताशी साठच्या वर नेऊ नका, मागच्या अॅक्सलचा गिअर रेशो ४.११ चा आहे, इंजिन उगाच ओरडतं.

सर्व्हिस_स्टेशन
आमच्याकडे अशा तीन गाड्या साध्या तेलावर चालल्या.

ग्रीसगन
आणि आता कुठे आहेत?

सर्व्हिस_स्टेशन
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

दिवेघाटकर
ठीक. रविवारी खड्ड्यावर घेतो, भाऊही येतोय (त्यालाच खाली झोपवणार). फिटरला नको म्हणून कळवलं. चेंबरला कॉर्कचं पॅकिंग कुठे मिळेल?

एक_पुणेकर
तयार मिळणार नाही. बोहरी आळीत कॉर्क शीट विचारा आणि जुनं पॅकिंग न फाडता काढा, तेच वर ठेवून कापता येईल. पुढच्या-मागच्या गोलाईच्या पट्ट्या वेगळ्या असतात, त्या विसरू नका. आणि बोपदेवचं मी सांगितलेलं लक्षात असू द्या.

लेथवाली
टोपी सोडल्यावर लगेच शिम काढायला बसू नका. आधी मेटलचा आणि चेंबरमधल्या तिसऱ्या नोझलचा फोटो इथे टाका, मी रविवारी दुपारपर्यंत ऑनलाइन आहे.