'लम्पिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

पक्ष्यांवरचा एक लेख मराठीत आणतेय, त्यात लम्प (वेगळे मानलेले प्रकार एकच धरणं) आणि स्प्लिट (एकाचे दोन धरणं) सारखे येतात. स्प्लिटला विभाजन चालून गेलं पण लम्पपाशी अडकले. '२०२४ मध्ये रेडपोलच्या तीन प्रजातींचं विलीनीकरण झालं' हे बरोबर वाटतं का (रेडपोल म्हणजे एक चिमुकला पक्षी)? की मोट बांधली म्हणू?

— ताई, विलीनीकरण नको असं मनापासून वाटतं. संस्थानं विलीन होतात, बँका होतात, माणूस अनंतात विलीन होतो, म्हणजे आधी काहीतरी वेगळं होतं आणि ते गेलं. इथे पक्ष्यांना काहीच झालेलं नाहीये! एक रेडपोल जवळजवळ पांढरा, चोच इवलीशी, दुसरा तपकिरी आणि अंगभर रेघा, कपाळावरचा लाल ठिपका मात्र दोघांनाही, हे सगळं आधी होतं तसंच आहे. जनुकं तपासली तेव्हा दिसलं की बाकी सगळं जवळपास सारखंच, फरक मुख्यतः एका गुणसूत्राच्या उलट्या फिरलेल्या मोठ्या तुकड्यात. मग बदललं काय तर आपलं मत. म्हणून 'तीन्ही आता एकच धरतात' असं साधं लिहा. आणि मोट तर अजिबात नको, मोट बांधतात ती एकमेकांशी न जुळणाऱ्यांची.

— सहमत, शिवाय हे मत परत फिरतं. अमेरिकेतले बाल्टिमोर आणि बुलक्स ओरिओल हे पक्षी काही वर्षं एकच धरले होते, १९९५ मध्ये पुन्हा वेगळे केले. विलीन झालेलं असं वेगळं निघत नाही, 'धरणं' या शब्दात ती सोय आहे. पण मथळ्याला नाम लागेल ना, तिथे एकत्रीकरण बरं.

— एकत्रीकरण चालेल, फक्त 'वर्गीकरणात' हा शब्द आसपास हवा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पक्षी एका ठिकाणी गोळा केले. अजून एक, प्रजाती लिहिताय ते जपून. पेपरात स्पीशीजला सर्रास प्रजाती म्हणतात पण मराठी विश्वकोशात स्पीशीज म्हणजे जाती, आणि प्रजाती म्हणजे त्याच्या वरची पायरी, जीनस. ती सवय असलेल्याला तुमच्या वाक्यातून तीन जीनस एक केल्यासारखं वाटेल.

— अरे बापरे, हे डोक्यातच नव्हतं. मग असं करते: 'रेडपोलच्या तीन जाती २०२४ पासून वर्गीकरणात एकच धरल्या जातात.' शास्त्रीय नाव फ्लॅमियाच राहिलं, ते का?

— सगळ्यात जुनं म्हणून, लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं. दोन जाती एक धरल्या की आधीचं नाव टिकतं, नंतरची त्याची पर्यायी किंवा उपजातींची नावं होतात. तिथेही 'रद्द झाली' लिहू नका, उद्या पुन्हा वेगळं धरलं तर तीच नावं परत वापरात येतात.