दांतों युद्धनौकेवर दोन मापांच्या तोफा का?

कागदी_तारू: फ्रेंच 'दांतों'चं कार्ड मॉडेल करायला घेतलंय. ३०५ मिमीच्या ४ तोफा, बाजूंना २४० मिमीच्या १२. ब्रिटिशांची युद्धनौका ड्रेडनॉट १२ इंची (म्हणजे ३०५ मिमीच्याच) १० तोफा घेऊन १९०६ सालीच आली होती, मोठ्या तोफा सगळ्या एकाच मापाच्या. तरी फ्रेंचांनी १९०७-०८ मध्ये असली सहा जहाजं का बांधायला घेतली?

तोफखाना: आराखडा आधीचा होता, बदलायचा तर आणखी उशीर. शिवाय २४० मिमीची तोफ जास्त भरभर झाडता येते, तिचा भडिमार मोलाचा वाटायचा. पण लांबवर दोन्ही गोळ्यांचे पाण्याचे फवारे सारखेच दिसतात. कुठला कोणाचा हे कळल्याशिवाय नेम सुधारणार कसा?

इंजिनरूमवाला: तारू, मी २२ वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे माझं लक्ष आधी खाली जातं. पार्सन्स टर्बाइन (वाफेने फिरणारं चक्री इंजिन) असलेल्या या पहिल्या फ्रेंच युद्धनौका. बॉयलर २६, सगळे कोळशावर, म्हणून पाच धुरांडी! माझे आजोबा रत्नागिरीहून बोटीवर आगवाले म्हणून गेले होते. एका भट्टीसमोरच्या पाळीबद्दल ते जे सांगायचे ते ऐकून हा आकडा अंगावर येतो. त्यात सावकाश चालताना टर्बाइन कोळसा फार खायची.

मात्र या जहाजांना सरसकट जुनाट म्हणणं मला पटत नाही. पाण्याखाली आतल्या बाजूला, लांबीने, ४५ मिमी जाडीचं पोलादी बल्कहेड, म्हणजे आतली भिंत, होतं, खास टॉर्पेडोसाठी. रशियासाठी फ्रान्समधल्या तूलोंजवळ बांधलेल्या 'त्सेसारेविच' युद्धनौकेमध्ये ही कल्पना आधी आली होती. आता दोन तारखा शेजारी ठेव. १८ मार्च १९१५, तुर्कस्तानची दार्दानेल्स सामुद्रधुनी: जुनी फ्रेंच युद्धनौका 'बूवे' सुरुंगावर गेली आणि दोनेक मिनिटांत उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. १९ मार्च १९१७, सार्डिनियाजवळ: जर्मन पाणबुडी यू-६४ ने 'दांतों'ला दोन टॉर्पेडो मारले. ती पाऊण तास तरंगत राहिली. २९६ जण गेले, पण आठशेहून अधिक वाचले. ऑक्टोबर १९१८ मध्ये तिची बहीण 'व्होल्तेर' दोन टॉर्पेडो खाऊनही बुडाली नाही. खाली काम करणाऱ्याला पाऊण तास म्हणजे शिड्या चढून डेकवर यायची सवड.

कागदी_तारू: काका, हे बल्कहेड माझ्या नकाशात दिसतच नाही.

इंजिनरूमवाला: बाजूच्या चित्रात दिसणार नाही. मधल्या भागाचा आडवा छेद शोध. जमलं तर सांगाड्याची एक बाजू उघडी ठेव आणि ते तेवढं लाल रंगव.