मुलगा ऑनलाइन गेममधून बाहेरच येत नाही, काय करू?

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, शाळेतून आला की दप्तर टाकून थेट गेम, जेवायला हाक मारली की "मॅच चालू आहे, पॉज होत नाही" म्हणतो, आणि काल मोबाईल काढून घेतला तर एवढा रडला की मलाच भीती वाटली. हे व्यसन म्हणायचं का?

उत्तर १
लगेच व्यसनाचा शिक्का मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून लागू झालं, पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं हे साधारण १२ महिने दिसावं लागतं. आणि पॉजचं तो खरं बोलतोय हो, ऑनलाइन मॅच थांबवता येत नाही, मधेच उठलं तर टीम हरू शकते. म्हणून वेळ मिनिटांत नको, मॅचमध्ये ठरवा.

उत्तर २
मला जास्त काळजी लूट बॉक्सची, म्हणजे गेममधल्या बंद बक्षीस-पेट्यांची वाटते. पैसे भरायचे आणि आत काय निघेल ते माहीत नाही, हा जुगारच झाला ना? बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे भरून घ्यायचे लूट बॉक्स जुगारात धरले. तुमचं कार्ड त्या अकाउंटला जोडलेलं असेल तर आजच काढा.

प्रश्नकर्ती
कार्ड जोडलेलंच होतं, आत्ता काढलं. आज त्याच्या शेजारी बसून एक मॅच बघितली, तो खेळतो कुणाबरोबर हे मी कधी विचारलंच नव्हतं, वर्गातलीच 3 मुलं निघाली.